मनोऱ्यातला आवाज

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ सारे यथासांग आटोपून आमचे कुटुंब टीव्हीपुढे बसले होते. पडद्यावर एका विमानाचे दोन्ही वैमानिक बेशुद्ध पडले होते. कोणी एक घाबराघुबरा प्रवासी त्यांच्या जागी बसला होता, आणि खाली मनोऱ्यात एक घामाघूम गृहस्थ माइकमध्ये ओरडून त्याला विमान उतरवायला शिकवीत होता. बालगोपाळांच्या हातातली चकली हातातच राहिली. एकटा माझा भाचा तेवढा गालातल्या गालात हसत होता. तो विमानतळावर नियंत्रक आहे.

“मामा,” तो म्हणाला, “आमच्याकडे कोणी असा ओरडायला लागला, तर आधी त्याला उठवून दुसऱ्याला बसवतील!”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. कुठलीही गोष्ट ऐकली की तिचे मूळ शोधावे, ही खोड अंगवळणी पडलेली. तेव्हा म्हटले, या मनोऱ्यातल्या आवाजाचेही मूळ पाहावे.

पाहतो तो काय, आरंभी हा आवाज मुळी नव्हताच! इंग्लंडात क्रॉयडन येथे १९२० साली विमानतळाला नियंत्रण-मनोरा मिळाला खरा. पण अमेरिकेत सेंट लुई येथे १९२९ साली नेमलेला आर्ची लीग हा नियंत्रक हातगाडीवर खुर्ची, वही आणि छत्री घालून धावपट्टीवर जाई आणि दोन निशाणे घेऊन बसे. चौकड्यांचे निशाण म्हणजे ‘या’, तांबडे म्हणजे ‘थांबा’. एवढाच काय तो संवाद. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. खाली समुद्रकिनारा, वर आभाळ, आणि मध्ये स्वतःचे डोळे!

मग ती टीव्हीवरची गोष्ट आली कुठून? ती आली कॅनडातून. ३ एप्रिल १९५६ रोजी तेथील सरकारी दूरचित्रवाणीने ‘फ्लाइट इंटू डेंजर’ हे नाटक दाखवले. (आपल्याकडे दूरचित्रवाणी दिल्लीस १९५९ साली आणि मुंबईस १९७२ साली आली.) लेखक आर्थर हेली हा महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. विमानात बसला असता, दोन्ही वैमानिक एकाच वेळी आजारी पडले तर काय होईल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यातून हे नाटक झाले. विमानातली मासळी खाऊन वैमानिक आजारी पडतात. युद्धात लहान लढाऊ विमाने चालवलेला एक प्रवासी ते थोरले विमान हाती घेतो, आणि जमिनीवरचा एक आवाज त्याला सुखरूप खाली आणतो. नाटक तुफान गाजले. पुढच्याच वर्षी त्यावर ‘झीरो अवर’ हा चित्रपट निघाला. आणि १९८० साली ‘एअरप्लेन’ या चित्रपटाने त्याचीच अशी टिंगल केली की, जग पोट धरधरून हसले.

पण वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. हेलीच्या नाटकात तो तारणारा आवाज नियंत्रकाचा नाहीच. खास बोलावून आणलेल्या एका अनुभवी वैमानिकाचा तो आहे. हेलीला ठाऊक होते की, वाट दाखवणे निराळे आणि विमान चालवणे निराळे. नंतरच्या नकलाकारांनी या दोघांचा एकच माणूस करून टाकला.

लहान विमानाच्या बाबतीतही तीच गत. पडद्यावर इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते. प्रत्यक्षात ‘सेस्ना १७२’ सारखे चार आसनी विमान इंजिन बंद पडल्यावरही हजार फूट उंचीमागे सुमारे दीड सागरी मैल तरंगत जाते. वैमानिकाला शेत, रस्ता, माळ काही तरी निवडायला अवधी मिळतो. पण तरंगण्यात नाट्य ते काय?

“मग तुझे खरे काम तरी काय रे?” मी भाच्याला विचारले.

“विमाने एकमेकांपासून लांब ठेवायची, मामा. एकावर एक असली तर मध्ये निदान हजार फूट. मी उंची सांगायची, वैमानिकाने तीच परत म्हणून दाखवायची, आणि त्याने ती बरोबर म्हटली की नाही हे मी कान देऊन ऐकायचे. बोलण्यापेक्षा ऐकण्याचेच काम जास्त.”

हे ऐकताना मला १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आठवली. दिवाळीचेच दिवस होते ते. दिल्लीहून निघालेले सौदी बोईंग १४ हजार फुटांवर होते. दिल्लीस उतरायला येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते. समोरून बोईंग येत आहे, हेही नियंत्रकाने बजावले होते. तरी ते विमान खाली आले, आणि हरियाणात चरखी दादरीच्या आभाळात दोन्ही विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. एकही वाचला नाही. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. नियंत्रकाला ऐकीव उत्तरावरच विसंबावे लागे. चौकशीत दोष कझाक वैमानिकांवर आला. आवाज बरोबर होता. पलीकडे तो पाळला गेला नाही. पुढे दिल्लीस येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या आणि विमानात टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले.

मात्र इतिहास कधीकधी नाटककाराचेही ऐकतो. मे २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळ एका लहान ‘सेस्ना’चा वैमानिक अचानक कोसळला. कधी विमान न चालवलेल्या प्रवाशाने ते सावरले आणि रेडिओवर मदत मागितली. पाम बीचच्या मनोऱ्यातला एक नियंत्रक योगायोगाने विमान चालवायला शिकवणाराही होता. ते विशिष्ट विमान त्याने कधी चालवले नव्हते, म्हणून कॉकपिटचे चित्र छापून समोर धरले, आणि शांतपणे एकेक गोष्ट सांगत विमान धावपट्टीवर उतरवून घेतले. वैमानिकही वाचला. हेलीच्या नाटकातले दोघे येथे खरोखरच एका देहात नांदत होते. पण ओरडले कोणीच नाही.

टीव्हीने आम्हांला तो वाचवणारा आवाज दाखवला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, ज्या लाखो रात्री काहीच घडले नाही, त्या त्याने दाखवल्या नाहीत. पण हाच दोष मी स्वतः तीस वर्षे वर्गात केला. लढाया शिकवल्या, तह पाठ करून घेतले. ज्या वर्षी काही घडले नाही, त्या वर्षाचे पान मुलांना कधी उघडूनच दाखवले नाही. ते वर्ष शांत जावे म्हणून कोण जागले होते, हे मी कधी विचारले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाच्याची पाळी होती. पूजा झाली, प्रसाद घेतला आणि तो निघाला. सकाळी परतला, तेव्हा डोळे तांबारले होते.

“कशी काय गेली रात्र?” मी विचारले.

“काही नाही, मामा,” जोडे काढीत तो म्हणाला, “काहीच झालं नाही.”

मी उठलो, आणि त्याच्यासाठी चहाचे आधण स्वतः ठेवले.