हस्त सरला की खळे

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एवढ्या पाण्याखाली घरापुढची मातीची जमीन टिकणार कशी? जुन्या कोकणी माणसाने ती टिकवण्याचा हट्टच धरला नाही. पावसाला त्याने आपले अंगण दरवर्षी देऊन टाकले आणि पाऊस गेला की ते नव्याने केले. या दरवर्षीच्या कामाला ठरलेली वेळ होती.

घराची ओटी, तिच्यापुढची पायरी आणि पायरीखाली खळे म्हणजे अंगण, अशी इथल्या घराची मांडणी. आषाढ-श्रावणात खळ्यावर हिरवे शेवाळ धरे, कडेने गवत माजे, पागोळ्यांनी जोत्याशी चर पडत. पायरीपासून बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, ओळीने जांभ्या दगडाचे चिरे टाकलेले असत, त्यांवर पाय ठेवत माणसे ये-जा करत. रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. टिळकांचा जन्म 23 जुलै 1856चा, म्हणजे ऐन पावसातला. त्या काळच्या कोणत्याही कौलारू घरापुढे त्या दिवसांत चिखलच असणार.

पावसाचा हिशेब नक्षत्रांवर चाले. सात-आठ जूनला मृग लागतो, 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्त. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो आणि तासाभरात सगळे धुऊन नेतो, म्हणून त्याआधी खळ्याला हात लावण्यात अर्थ नसे. पुढे 10 ऑक्टोबरच्या आसपास चित्रा आणि 24च्या सुमारास स्वाती. या मधल्या दिवसांत ऊन कडक झालेले असते, पण जमिनीच्या पोटात ओल असते. खळे करण्याचे दिवस हेच.

आधी कुदळीने वरचा थर उकरायचा, गवताची मुळे वेचून काढायची. खड्ड्यांत नवी तांबडी माती भरायची, पाणी मारून ती मुरू द्यायची आणि पाण्याला वाट राहील असा बेताचा उतार ठेवून सारखी करायची. मग थांबायचे. माती हाताला चिकटत नाही, पण मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो, त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. पेरणीला जो वाफसा लागतो, तोच खळ्यालाही. तो आला की धुमस आणि लाकडी चोपणे घेऊन घरातली माणसे बसत. सकाळ-संध्याकाळ चोपायचे, दुपारच्या उन्हात पडलेल्या भेगा पुन्हा पाणी शिंपडून बुजवायच्या. पृष्ठभाग घट्ट झाला की शेणाचे सारवण, एकदा नव्हे, अनेकदा. सारवण बहुतेक घरांत बायकांच्याच हातचे असे, आणि खळ्याचा खरा टिकाऊपणा त्या हातांवर अवलंबून होता, हे लिहून ठेवायला हवे.

या वाफशाचे शास्त्र प्रयोगशाळेत मांडले गेले ते फार उशिरा. राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने 1933 मध्ये दाखवून दिले, की ठरावीक जोराने ठोकलेली माती एका विशिष्ट ओलाव्यालाच सर्वाधिक घट्ट बसते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत, आणि ओली असेल तर कणांमधली जागा पाणीच अडवून बसते. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याची मातीची धरणे बांधताना हा अभ्यास झाला, आणि आज जगभर रस्त्याचा भराव त्याच्या नावाच्या चाचणीने तपासतात. कोकणात खळे करणाऱ्याला ही अवस्था मुठीने कळत होती. इथल्या मातीचीही साथ होती. देशावरची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की मोठ्या भेगा देते, जांभ्याची तांबडी माती मात्र त्या मानाने फारच कमी फुगते.

हीच वेळ साधण्याची घाई असे, कारण खळे हे घराचे कामाचे ठिकाण. भातकापणी तोंडावर आलेली असते. हळवे भात आधी, गरवे मागाहून, आणि झोडणी-मळणी व्हायची ती खळ्यात. दाण्यात माती मिसळली तर वर्षाच्या भाकरीत खडे यायचे. पाठोपाठ कार्तिकात द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने. वृंदावन खळ्यातच, तेव्हा वऱ्हाडही तिथेच उभे राहणार. नंतर सुपारी वाळत पडे, माघ-फाल्गुनात कुळीथ, चैत्र-वैशाखात आमसुले, फणसाच्या पोळ्या, कुरडया. मे सरता सरता खळ्यावरचा मांडव उतरवला जाई, आणि सगळे पुन्हा पावसाच्या हवाली.

जिथे माती चालत नसे तिथे चिरा. डोंगरउतारावरच्या वाड्या एकमेकींना जोडणाऱ्या जांभ्याच्या पायवाटांना पाखाडी म्हणतात. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या डोंगरावर अशी जुनी पाखाडी आहे, आणि गणपतीपुळ्याला डोंगराभोवतीची प्रदक्षिणेची वाटही चिऱ्यांनी बांधलेली आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 मध्ये रत्नागिरीला आणला गेला आणि 1910च्या सुमारास त्याचा राजवाडा उभा राहिला, तोही याच तांबड्या दगडात.

चिऱ्यालाही ऋतू आहे. फ्रान्सिस बुकॅनन 1800च्या सुमारास दक्षिणेत हिंडला आणि 1807 मध्ये त्याचा प्रवासग्रंथ निघाला. मलबारातल्या अंगाडिपुरमजवळ त्याला दिसले, की हा दगड खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. रत्नागिरीच्या चिरेखाणीतही तेच घडते. खाणीत पावसाचे पाणी भरते, म्हणून काम बंद. दसऱ्यानंतर पाणी उपसून चिरा काढायचा, त्याला ऊन-वारा खाऊ द्यायचा आणि मग तो बांधकामाला घ्यायचा. घाईने ओला चिरा लावणाऱ्याला त्याचा भुगा कडांवर दिसू लागतो.

खडीचे रस्ते आले तेव्हा पाणी शत्रू नव्हते. खडी पसरून, मुरूम टाकून, पाणी मारून रूळ फिरवावा लागे, आणि वहाळ-विहिरी भरलेल्या असताना हे काम सोपे. डांबराने हे गणित उलटे केले. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही. थंड मुलुखातला माणूस डांबर टाकताना गारठ्याची धास्ती घेतो, रत्नागिरीत ती भीती नाही, इथे फक्त पाऊस.

तरीही मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे दरवर्षी गणपतीच्या तोंडावर, म्हणजे भाद्रपदाच्या सरीत बुजवले जातात. कारण सरळ आहे. चाकरमानी तेव्हा गावी येतात. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि ही ये-जा वाढली. घरापुढच्या कामाचेही तसेच झाले. गाडी दारापर्यंत यावी म्हणून आता खळ्यावर सिमेंटचे ठोकळे बसवतात, आणि मालक रजेवर येतो तो मे महिन्यात, म्हणून काम मे महिन्यातच काढले जाते. कामाची वेळ पूर्वी मातीची ओल ठरवत होती, आता ती मुंबईतल्या कचेरीची रजा ठरवते. या बदलाचा तोटा पहिल्याच पावसात दिसतो. ठोकळ्यांखालची वाळू आणि भराव नीट ठोकलेला नसला की चाकांच्या रेषेत जमीन खचते. काँक्रीट करायचे तर पुढचे सात दिवस तरी त्यावर पाणी मारावे लागते, आणि मे महिन्यात अनेक वाड्यांतल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. प्यायचे पाणी टँकरने येत असताना अंगण भिजवत राहणे कोणाला रुचेल?

आणि मे महिनाही आता भरवशाचा उरलेला नाही. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी, आणि कोकणात त्याच्याही आधी. दुसऱ्या टोकाला 2019 ची दिवाळी आठवावी. क्यार चक्रीवादळाने ऑक्टोबरअखेर रत्नागिरी-सिंधुदुर्गात कापलेले भात शेतातच भिजवले. त्यामुळे हस्त सरला म्हणजे पाऊस सरला, असे आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी नोव्हेंबर-डिसेंबरचे पारडे जडच राहते. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, भरावाची माती वाफशाच्या जवळ असते, खाणी सुरू झालेल्या असतात आणि केलेल्या कामाला पावसाआधी सहा महिने बसायला मिळतात. अडचण उरते ती एकच, त्या दिवसांत घराला कुलूप असते. गावातल्या एखाद्या जाणत्या गवंड्याला किल्ली देऊन काम तुळशीच्या लग्नानंतर काढायला सांगणारी घरेही आहेत. मालक मे महिन्यात येतो तेव्हा त्याची गाडी सहा महिने मुरलेल्या जमिनीवर उभी राहते.