भाकितांचे उत्तरदायित्व

गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयात बदलून आलेल्या आम्हां मराठी मंडळींस हुगळीवरील बोटींचा भोंगा ऐकला की १९१८ सालची मुंबई आठवते. त्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा गोदीतून शहरात शिरला, आगगाड्यांबरोबर देशभर पसरला आणि कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. सावध होण्यास अवसरच मिळाला नाही.

पुढे सप्टेंबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे डेव्हिड नाबारो यांनी, बर्ड फ्लूतून साथ उद्भवल्यास ५० लाख ते १५ कोटी माणसे दगावतील, असे भाकीत केले. लोकांच्या ध्यानी राहिला तो मोठा आकडा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला तो रोग कोंबड्यांत आढळला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, कुक्कुटपालक हवालदिल झाले. मनुष्यास मात्र तेथे बाधा आढळली नाही.

मग तज्ज्ञ बेजबाबदार म्हणावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९१८ ज्यास ठाऊक आहे, त्याने मौन धरणे हाच अपराध. परंतु त्या दोन आकड्यांत तीसपटींचे अंतर आहे, आणि ते अंतर म्हणजेच आपल्या अज्ञानाचे माप. ते माप झाकून केवळ आकडा पुढे करणे अनुचित होय. शेरा मारणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांनीही हे विसरू नये.