नाणेघाटाची पाऊलवाट

कल्याणहून जुन्नरास जावयाची वाट कोणती, असें आज एखाद्या शहरवासी गृहस्थास विचारलें, तर तो माळशेज घाटाचें नांव घेईल. कारण मोटार तिकडून जाते. दोन हजार वर्षांपूर्वीं हाच प्रश्न एखाद्या व्यापाऱ्यास विचारला असता, तर त्यानें नाणेघाटाकडे बोट दाखविलें असतें. सोपारें-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या व माणसांच्या पाठीवरून या खिंडीनें जुन्नरास चढे आणि पुढें सातवाहनांच्या पैठणास पोंचे.

घाटाच्या माथ्याशीं एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा समजला जाणारा, इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधादि यज्ञ आणि त्यांत दक्षिणा दिलेल्या हजारों गायी, हत्ती, घोडे व कार्षापण नाणीं यांची त्यांत मोजदाद आहे. ही संपत्ति आली कोठून? लेख त्याविषयीं मौन धरतो. परंतु माथ्यावर एक दगडी रांजण आहे; येणारेजाणारे त्यांत जकात टाकीत, अशी परंपरा सांगते.

या रहदारीचा दुसरा पुरावा जुन्नरजवळ लेण्याद्रीस आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें तेथील चैत्यगृह दान दिल्याचा लेख आहे. कोंकणांतल्या धनिकानें घाटमाथ्यावर दानधर्म करावा, इतकी ही दोन गांवें वाटेनें जोडलेलीं होतीं.

इ. स. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि व्यापाराचा ओघ तिकडे वळला. आतां पायथ्याच्या वैशाखऱ्याहून वर चढतात ते बहुधा हौशी पदयात्री.

लेण्यांत सिमुक, सातकर्णि, नागनिका यांच्या मूर्ति होत्या. त्यांचीं नांवें वर कोरलेलीं दिसतात. मूर्तींच्या मात्र पावलांच्याच खुणा उरल्या आहेत. उलट, ज्यांचें नांव कोणीं कोरलें नाहीं अशा ओझेवाल्यांनीं झिजविलेल्या पायऱ्या अजून उपयोगांत आहेत. मात्र पाऊलवाट वर्दळीनेंच टिकते. चार पावसाळे कोणी फिरकलें नाहीं, तर रान तिला गिळून टाकतें. म्हणून येत्या हिंवाळ्यांत मुलाबाळांसह हा घाट एकदां पायीं चढावा. फक्त त्या भिंतीवर आपलें नांव कोरूं नये. तेथें आपलें पाऊल उमटलें, एवढें पुरे.