स्वस्त मॉनिटरची गोष्ट : ‘ब्रह्मपुरी’ पडद्यावर कशी उमटली?

१/ ‘ब्रह्मपुरी’. चंद्रपूर जिल्ह्यातील या तालुक्याचे नाव कागदावर लिहायला दोन क्षण पुरतात. साध्या, स्वस्त संगणकाच्या पडद्यावर ते नीट उमटायला मात्र जवळजवळ वीस वर्षे लागली. आजचा धागा त्या वीस वर्षांचा, आणि त्यातून निघणाऱ्या एका व्यावहारिक प्रश्नाचा : कमी पैशांत मॉनिटर घ्यायचा, तर त्यात पाहायचे काय?

२/ सुरुवात १९८२ पासून करू. २६ ऑगस्टला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, दूरदर्शनवर रंग अवतरले. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडात ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा छोटा घरगुती संगणक विक्रीस आला. या तीन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण आपल्या कथेचे धागे तिन्हींतून निघतात.

३/ स्पेक्ट्रमसोबत मॉनिटर येतच नसे. तो घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडायचा. पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ ठिपके, एका ओळीत अवघी ३२ अक्षरे. पुढे त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची भारतीय आवृत्ती काढली. म्हणजे आपल्याकडचा पहिला ‘बजेट मॉनिटर’ हा दिवाणखान्यातला टीव्हीच होता. अक्षरे पुसट दिसत, आणि बातम्यांची वेळ झाली की संगणक बंद करावा लागे!

४/ कचेऱ्यांत वेगळे यंत्र आले. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्याच्या साध्या एकरंगी पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत. प्रत्येक अक्षराला ९ × १४ ठिपक्यांची चौकट ठरलेली असे. रंगीत पडद्यावर ती त्याहून लहान : ८ × ८. इंग्रजीचे ‘ए’ अक्षर एवढ्या जागेत सुखाने बसते.

५/ आता त्या चौकटीत ‘ब्रह्मपुरी’ बसवून पाहा. ‘ब्र’मधील तिरपा र, ‘ह्म’चे जोडाक्षर, ‘पु’चा खाली लोंबणारा उकार, ‘री’ची शिरोरेषेवर चढणारी वेलांटी. ‘सिरोंचा’त तर एकाच ‘र’वर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही. आठ ठिपक्यांच्या उंचीत हे सारे मावणार कसे? शिवाय एकरंगी पडद्याच्या मूळ कार्डात अक्षरांचे साचे कायमचे कोरलेले असत. त्या साच्यांत देवनागरी नव्हतीच. पडदा स्वस्त होता खरा, पण इंग्रजी वाचणाऱ्यासाठी.

६/ ही कोंडी भारतीय अभियंत्यांनी फोडली. आयआयटी कानपूर येथे झालेल्या संशोधनातून आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या कामातून ‘जिस्ट’ कार्ड घडले. ते संगणकाच्या आत बसवले की देवनागरी अक्षरे चित्राप्रमाणे रेखून त्याच पडद्यावर उमटत. युक्ती अप्रतिम होती. परंतु त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. इंग्रजीला जे आपसूक मिळे, ते मराठीला जादा खर्च करून मिळवावे लागे.

७/ दुसरी अडचण विजेची. जुना मॉनिटर म्हणजे काचेची निर्वात नळी. तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरील लेपावर आदळे व तो उजळे. पंधरा इंची मॉनिटरचे वजन दहा किलोंहून अधिक, आणि वीज साधारण ७० ते १०० वॅट. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८३ पासून राज्याला वीज देत आले. परंतु शेजारच्या जंगलपट्ट्यातील दुर्गम गावांना भरवशाच्या विजेची प्रतीक्षा दीर्घकाळ करावी लागली. अशा ठिकाणी यूपीएसच्या बॅटरीचा मोठा वाटा एकटा मॉनिटरच गिळून टाकी.

८/ वळण आले ते २००० च्या सुमारास. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि ‘मंगल’ हा फाँट आला. वेगळ्या कार्डाची गरज संपली. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू केला आणि तालुक्यांच्या गावी संगणक केंद्रे उभी राहिली. भारताने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे २००५ पर्यंत संगणक-सामग्रीवरील आयात शुल्कही बहुतांशी नाहीसे झाले. पाठोपाठ चपटे एलसीडी पडदे आवाक्यात आले. आजचा साधा एलईडी मॉनिटर सुमारे १५ ते २५ वॅटमध्ये चालतो. तेवढ्याच बॅटरीवर काम कितीतरी अधिक वेळ टिकते.

९/ आता मूळ प्रश्न. दुकानात पडद्याचा आकार आधी सांगितला जातो. आपण ठिपक्यांची दाटी आधी विचारावी. १९२० × १०८० ठिपके साडेएकवीस इंचांत असतील तर एका इंचात सुमारे १०२ ठिपके येतात. तेच २७ इंचांत पसरले की सुमारे ८२ उरतात. पडदा मोठा, अक्षर मात्र भरड! जोडाक्षरे वाचणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

१०/ आणखी दोन गोष्टी. स्वस्त ‘टीएन’ पडदा बाजूने वा खालून पाहिला की फिका पडतो, रंग उलटतात. १९९६ मध्ये हिताचीने बाजारात आणलेल्या ‘आयपीएस’ पद्धतीत हा दोष फार कमी. एकाच पडद्याभोवती चार जण बसणार असतील, तर थोडे जास्त पैसे इथेच घालावेत. जोडणीसाठी १९८७ ची व्हीजीए वायर अजून मिळते. जुन्या संगणकाला ती उपयोगी आहे, पण एचडीएमआयची सोय असेल तर अक्षरे अधिक रेखीव दिसतात.

११/ जुना काचेचा मॉनिटर घरी पडून असेल तर तो फोडू नका, भंगारात देऊ नका. त्याच्या काचेत शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडेच सोपवावा.

१२/ कथा इथे संपत नाही. गोंडीची मसराम लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ मध्ये, गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. देवनागरी जिथे २००० साली पोहोचली, त्या उंबरठ्यावर या लिप्या आत्ता उभ्या आहेत : संकेत मिळाला, आता फाँट आणि कळफलक सर्वसामान्यांच्या यंत्रांत आपसूक यायला हवेत.

१३/ म्हणून मित्रहो, मॉनिटर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराने लावलेला रंगीबेरंगी व्हिडिओ बाजूला सारा. दहाच्या आकारात तीन नावे टंकित करा : ब्रह्मपुरी, एटापल्ली, सिरोंचा. मान पुढे न काढता ती वाचता आली, तर तो पडदा तुमचा.