समुद्रापलीकडची दुकाने आणि मागे राहिलेली घरे



कोणाचा मुलगा परदेशी स्थायिक झाला की आपल्या बायकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येते: "पैशासाठी गेले, मागच्यांना विसरले." हे वाक्य किती खरे, ते तपासायला आज एका समाजाचा इतिहास पाहू. हा समाज म्हणजे हालारी विसा ओसवाल. भिवंडी आणि मुंबईकडच्या मैत्रिणींना हे नाव ओळखीचे असेल.

हालार म्हणजे गुजरातेतला जामनगरच्या आसपासचा मुलूख. कच्छमधून आलेले हे ओसवाल तिथल्या ५२ गावांत वसले. जैन म्हटले की आपल्याला पेढी आणि दुकान आठवते, पण हे लोक शेतकरी होते. पाऊस बेभरवशाचा, आणि भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झालेले. त्यातच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात. गुरे गेली, माणसेही गेली. शेतावर घर चालेना.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे एक वाट उघडत होती. इंग्रजांनी १८९६ मध्ये मोंबासाहून आत रेल्वे बांधायला घेतली. १८९९ मध्ये रूळ नैरोबीला आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचले. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर गेले, ते बहुतेक पंजाबकडचे. रुळांच्या मागोमाग दुकाने गेली. कच्छच्या केरा गावचे अलिदिना विश्राम यांच्यासारख्या आधी गेलेल्या व्यापाऱ्यांच्या दुकानांना हिशेब येणारी विश्वासू पोरे हवी होती. हालारची मुले गेली ती अशी. आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचे छोटे दुकान, मग धाकट्या भावाला बोलावणे, मग चुलत्याच्या मुलाला. स्वाहिली भाषेत दुकानाला 'डुका' म्हणतात, तो आपल्याच शब्दाचा भाऊ.

सुरुवातीला जाणे गलबतातून. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर निघायचे आणि परतायचे ते वारा फिरल्यावर. पुढे मुंबईहून आगबोटी सुटू लागल्या. करंजा, कंपाला, अमरा ही बोटींची नावे जुन्या आफ्रिकावाल्यांच्या घरात अजून ऐकू येतात.

आधी गेले ते पुरुष. बायको सासरी, मुले आजीआजोबांच्या हाताखाली, आणि नवरा वर्षानुवर्षे पत्रातच. पैसे आले की घराचे छप्पर दुरुस्त व्हायचे, बहिणीचे लग्न व्हायचे, कर्ज फिटायचे. पण सासूचे आजारपण, मुलाचा ताप आणि गुरांची काळजी बायकोलाच पाहावी लागे. दुकानाच्या वहीत या कष्टांची नोंद कुठे होणार? खरे तर आफ्रिकेतल्या त्या दुकानांचे अर्धे भांडवल हालारमधल्या या बायकांनीच घातले होते.

पुढे बायकाही गेल्या आणि तिथे नवा प्रश्न उभा राहिला. आपले साधू-साध्वी पायी विहार करतात, समुद्र ओलांडत नाहीत. म्हणजे चातुर्मास नाही, व्याख्यान नाही, गोचरीला दारात कोणी येणार नाही. जिथे कसावासारखे कंद रोजच्या जेवणात, तिथे कंदमूळ न शिजवता घर चालवायचे, मुलांना नवकार आणि प्रतिक्रमण शिकवायचे, तिथी सांभाळायच्या. धर्म टिकला तो मोठ्या प्रमाणात स्वयंपाकघरात आणि पाठशाळेत. १९६३ मध्ये मोंबासात शिखरबंद देरासर उभे राहिले. शिखर बांधतो तो माणूस तिथेच राहायचे ठरवून बांधतो.

पण त्याच वर्षी १२ डिसेंबरला केनिया स्वतंत्र झाला आणि नागरिकत्व निवडायला दोन वर्षे मिळाली. कोणी केनियाचे झाले, कोणी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला, कोणी भारताचा. एका छपराखाली तीन देश! १९६७ मध्ये केनियाने परदेशी नागरिकांच्या राहण्यावर आणि व्यापारावर परवान्यांची बंधने आणली. लोक इंग्लंडकडे निघाले, तर मार्च १९६८ मध्ये ब्रिटनने स्वतःच्याच पासपोर्टधारकांना दार अडवले आणि वर्षाला १५०० कुटुंबप्रमुखांनाच परवाने ठेवले. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष असे धरले जाई. विवाहित बाईच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट असला तरी तिच्या नावावर घरच्यांना जाता येईना. शेजारच्या युगांडात तर १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. ज्यांनी एकदा आईबाप मागे सोडले होते, त्यांच्या वाट्याला आता पांगलेले भाऊ आणि मुले आली. एक लंडनला, एक नैरोबीला, एक जामनगरला.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत पाहा. पैशासाठी गेले, हे अर्धेच खरे. पहिल्यांदा दुष्काळाने ढकलले, दुसऱ्यांदा कायद्याने. विसरले, हे मात्र सगळ्यांबद्दल म्हणता येणार नाही. पण विसरले नाहीत म्हणून मागच्यांचा भार हलका झाला, असेही नाही. पैसा बोटीने पोचत होता, पण आजारी माणसाच्या उशाशी बसायला घरात जी होती तीच होती. आजही बँकेत रक्कम क्षणात येते आणि रात्री दवाखान्यात धावते ती इथलीच सून किंवा मुलगी.

संवत्सरीला आपण दूर देशीच्या नातलगांना 'मिच्छामि दुक्कडम' पाठवतो. एकच मजकूर शंभर जणांना जातो. यंदा घरातून गेलेल्या एकाला आणि घरासाठी मागे राहिलेल्या एकीला फोन करा. गेलेल्याला विचारा, का जावे लागले. राहिलेलीला विचारा, तिने काय काय पेलले. दोघांचे उत्तर वहीत लिहून ठेवा. आपल्या घराचा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.