नेकनूरची सायकल आणि बर्मिंगहॅमचे आटे

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरसारख्या बाजाराच्या गावात चाळीस-पन्नास वर्षांची काळी सायकल अजून दुरुस्त करता येते, याचे श्रेय सहसा जुन्या दणकट लोखंडाला मिळते. माझ्या मते ते आट्यांना मिळायला हवे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, पण सायकलीचे माप सगळीकडे इंग्लंडचेच चाले. बर्मिंगहॅमची बीएसए मूळची बंदुका बनवणारी कंपनी. ती सुटे भाग इतर सायकल कारखान्यांनाही विकत असे. त्यामुळे बीबीच्या, म्हणजे पायडलचा एक्सल ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या, वाटीचे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आट्यांचे माप रूढ झाले. पुढे मद्रासची टीआय, १९५१ ची सोनपतची ॲटलस आणि १९५६ ची लुधियानाची हिरो उभी राहिली, तेव्हा देशी सायकलीनेही बहुतांशी हेच माप उचलले. चेनच्या बाजूच्या वाटीला उलटे आटे, तेही विचारपूर्वक: पायडल मारताना छर्र्यांचा दाब वाटीला हळूहळू फिरवत असतो आणि उलट्या आट्यांमुळे ती सुटण्याऐवजी घट्ट राहते. इटालियन मापात दोन्ही बाजूंना सरळ आटे, म्हणून तिथली वाटी ढिली होण्याची तक्रार जुनीच आहे.

हा एकसारखेपणा म्हणजे परवान्यांच्या काळातले साचलेपण, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. स्पर्धा मर्यादित होती म्हणून नमुना फारसा बदलला नाही. पण गिऱ्हाइकाला त्याचा फायदाच झाला, कारण एका कंपनीची वाटी दुसऱ्या कंपनीच्या सायकलीत बसत राहिली. उलट उदाहरण नॉटिंगहॅमच्या रॅलेचे. तिने स्वतःचे इंचाला २६ आटे ठेवले. व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे साधी वाटी दोन-तीन वेढे आत जाते आणि अडते. तिथे जोर लावला की फ्रेमचे आटे कापले जातात. म्हणून जुन्या इंग्लिश सायकलीत आधी आटे मोजावेत, मग बीबीच्या नळीची रुंदी, आणि एक्सल शेवटी.

आजची बंद बेअरिंगची बीबी टाकून मोकळे का होऊ नये? कारण तिची टोके सहसा चौकोनी असतात आणि कॉटर पिनच्या, म्हणजे खिळीने एक्सलला जखडलेल्या, क्रँकचे भोक गोल. मग दोन्ही क्रँक आणि मोठे दातेरी चाकही बदलावे लागते. त्यापेक्षा जुना एक्सल नमुन्याला घेऊन लांबी व कॉटरच्या खाचा जुळवाव्यात. तोही कोणी आधी चुकीचा बसवलेला असू शकतो. तेव्हा चेन फ्रीव्हीलच्या सरळ रेषेत येते का आणि क्रँक मागच्या नळीला घासत नाही ना, हे पाहूनच कॉटर ठोकावी.