लिनक्स संगणकाला बिनतारी हेडफोन जोडताना

मुक्तस्रोत संगणकप्रणालींना वाहिलेली 'लिनक्स बंगळुरू' ही परिषद २००१ मध्ये बंगळुरू येथे सुरू झाली. पुढे 'फॉस डॉट इन' या नावाने ती २०१२ पर्यंत भरत राहिली. योगायोग असा की, २००१ मध्येच लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, 'ब्लूझेड' या ब्लूटूथ संचाचा समावेश झाला. लिनक्सवरील ब्लूटूथ आजही मुख्यतः याच संचावर चालते.

जोडणीची पद्धत

प्रत्येक डेस्कटॉप संगणकात ब्लूटूथची सोय असतेच असे नाही. ती नसल्यास यूएसबी डाँगल लावावे लागते. हेडफोनचे बटण काही सेकंद दाबून धरल्यावर तो जोडणीसाठी खुला होतो. त्यानंतर संगणकाच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याचे नाव निवडावे. टर्मिनल वापरणाऱ्यांना 'ब्लूटूथसीटीएल'मध्ये 'पेअर', 'ट्रस्ट' आणि 'कनेक्ट' या आज्ञांनी हेच काम करता येते.

आवाज का बिघडतो?

गाणी उत्तम ऐकू येतात, मात्र ऑनलाइन वर्ग किंवा मुलाखत सुरू होताच आवाज घोगरा होतो, अशी अनेकांची तक्रार असते. हा बहुधा हेडफोनमधील बिघड नसतो. संगीतासाठीची 'ए२डीपी' पद्धत ध्वनी एकाच दिशेने पाठवते. मायक्रोफोन सुरू झाला की दुहेरी संभाषणाची 'हँड्सफ्री' पद्धत लागू होते. सीडीवरील संगीतात दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात. हँड्सफ्रीच्या जुन्या पद्धतीत ते ८,००० आणि सुधारित पद्धतीत १६,००० असतात. त्यामुळे नवा संच विकत घेण्यापूर्वी ध्वनी सेटिंगमध्ये 'ए२डीपी' निवडून वेगळा, तारेचा मायक्रोफोन वापरून पाहावा.

ध्वनीची वाटणी करणारा कार्यक्रमही बदलला आहे. 'पल्सऑडिओ'ची जागा फेडोराने २०२१ मध्ये, तर उबुंटूने २०२२ मध्ये 'पाइपवायर'ला दिली. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना नव्या आवृत्तीत लागू पडतीलच असे नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न

सप्टेंबर २०१७ मध्ये 'ब्लूबॉर्न' नावाने ब्लूटूथमधील अनेक त्रुटी उघड झाल्या. जोडणी न करताही उपकरणावर हल्ला शक्य होता आणि लिनक्सही त्यातून सुटले नव्हते. दुरुस्त्या लवकरच उपलब्ध झाल्या. परंतु प्रणाली अद्ययावत न करणाऱ्यांना त्यांचा लाभ मिळत नाही. काम नसताना ब्लूटूथ बंद ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय.